फुप्फुसाची बातमी, यकृताच्या तोंडून

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोरोनाच्या लाटेत, पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडकडे माणसं एकमेकांची खुशाली आकड्यांत विचारत होती. “स्कोअर किती आला?” “पंचवीसपैकी नऊ.” “अन् सीआरपी?” स्कोअर हा एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या स्कॅनचा. बाकीची चिठ्ठी रक्ताची: सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, एलडीएच आणि खिशाला झेपलं तर आयएल-सिक्स.

गंमत अशी, की फुप्फुसाची खबर काढायला लिहिलेल्या या चिठ्ठीत खास फुप्फुसाचा असा एकही पदार्थ नव्हता. सीआरपी यकृतात तयार होतो. डी-डायमर हा रक्ताच्या विरघळलेल्या गुठळीचा तुकडा. फेरिटिन लोह साठवतं, आणि एलडीएच तर शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत असतं. सगळे बाहेरगावचे साक्षीदार.

त्यातला सीआरपी निदान न्यूमोनियाच्या घरात जन्मला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये, ऑस्वल्ड एव्हरी यांच्या प्रयोगशाळेत, विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे दोघे न्यूमोनियाच्या रुग्णांचं सीरम तपासत होते. पेनिसिलिन अजून दवाखान्यात पोचलं नव्हतं. आठवडाभर ताप फणफणायचा आणि मग एक तर झपाट्याने उतरायचा, नाही तर माणूस जायचा. या दोघांनी न्यूमोकॉकस जंतूच्या पेशीभित्तिकेतून काढलेला एक शर्करामय अंश, ‘फ्रॅक्शन सी’, रुग्णाच्या सीरममध्ये मिसळला. पांढरट साका बसला. जंतूविरुद्धची प्रतिपिंडं असावीत, असं कुणालाही वाटलं असतं. पण प्रतिपिंडं आजार उतरताना वाढतात, इथे उलटंच. ताप भरात असताना साका दाट, रोगी सावरला की साका गायब. शिवाय न्यूमोकॉकसचा संबंध नसलेल्या काही आजारांतही तो दिसला. १९३० साली त्यांनी हे छापलं. १९४१ मध्ये एव्हरींच्याच प्रयोगशाळेतून तो पदार्थ प्रथिन असल्याचं पुढे आलं आणि ‘सी’ला धरणारं म्हणून ‘सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन’ हे नाव रूढ झालं.

गल्लीत कुत्री भुंकायला लागली की कुणीतरी शिरलंय एवढं कळतं, कोण ते कळत नाही. सीआरपीचं तसंच आहे.

त्या दोघांच्या पुढच्या वाटा मला फार आवडतात. फ्रान्सिस इन्फ्लुएन्झाकडे वळले. १९४० मध्ये इन्फ्लुएन्झा ‘बी’ विषाणू त्यांनीच वेगळा केला. टिलेट गेले गुठळीकडे. काही स्ट्रेप्टोकॉकस जंतू गुठळीतलं फायब्रिन विरघळवतात, हे त्यांनी १९३३ मध्ये दाखवलं. त्यातूनच पुढे हार्ट अटॅकवरचं स्ट्रेप्टोकायनेज आलं. फायब्रिन तुटताना एकमेकांना घट्ट बांधलेले दोन तुकडे उरतात, तोच डी-डायमर. तो नेमका ओळखणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी मात्र १९८०च्या दशकात आली. विषाणू आणि गुठळी या दोन वाटा वुहानमध्ये पुन्हा एकत्र आल्या: मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १९१ रुग्णांच्या अभ्यासात, दाखल होताना डी-डायमर मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅमच्या वर असलेल्यांना मृत्यूचा धोका जास्त दिसला.

बाकीच्यांचं कूळ थोडक्यात सांगतो. फेरिटिन १९३७ मध्ये घोड्याच्या प्लीहेतून निघालं. एलडीएच १९५०च्या दशकात हार्ट अटॅकच्या तपासणीत रुळलं. दाहाचा निरोप देणाऱ्या आयएल-सिक्सचं जनुक १९८६ मध्ये ओसाकाला हाती लागलं, आणि पुढे कळलं की यकृताला सीआरपी बनवायचा हुकूम मुख्यतः हाच देतो. म्हणून महागड्या आयएल-सिक्सचं काम स्वस्त सीआरपीवर बरंचसं भागतं. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीतही आयएल-सिक्सचं काम रोखणाऱ्या टोसिलिझुमॅब या औषधासाठी रुग्ण निवडताना ऑक्सिजन कमी असण्याच्या जोडीला सीआरपी लिटरला ७५ मिलिग्रॅम किंवा जास्त, ही अट होती.

सीआरपी स्वस्त का, तर साध्या लॅबमध्येही होतो म्हणून. काळ्या काचपट्टीवर सीरमचा थेंब, शेजारी लेटेक्सचा दुधाळ थेंब, काडीने मिसळायचे आणि पट्टी दोन मिनिटं हाताने हलवत राहायची. रवा धरला तर पॉझिटिव्ह. आकडा हवा तर मशीन लागतं. डी-डायमरचे नखरे जास्त. निळ्या टोपणाची सायट्रेटची नळी, आणि रक्त बरोबर खुणेपर्यंत. कमी भरलं तर नमुना बाद.

खरा घोळ एककांचा. एका लॅबचा सीआरपी ४.८ आणि दुसरीचा ४८ हे एकच असू शकतात. एकीकडे डेसिलिटर, दुसरीकडे लिटर. डी-डायमरचा ०.९ आणि ९०० यांचंही तेच. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट फिरताना आकडा पोचायचा, एकक वाटेत गळायचं.

शिरूर तालुक्याला विषाणूंचा अभ्यास नवा नाही. वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्याचं काम डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात उभं केलं. तिथल्या गावांतून २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीत रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या नाका-घशाचे स्वॅब पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संस्थेत तपासले गेले. प्रश्न होता विषाणू कोणता. फुप्फुस किती बिघडलं, हे रक्ताला विचारायची रीत गावोगाव पोचली ती कोरोनात.

फुप्फुसाचा जवळचा म्हणावा असा साक्षीदार आहे, केएल-सिक्स. वायुकोशांच्या दुसऱ्या प्रकारच्या पेशींवरचं हे प्रथिन, संशोधक कोहनो यांनी हिरोशिमात कर्करोगाच्या शोधात असताना १९८०च्या दशकात पकडलेलं. पेशी दुखावून पुन्हा वाढू लागल्या की ते रक्तात उतरतं. गंभीर कोविडमध्येही ते वाढलेलं आढळलं. जपानात ते नेहमीच्या वापरात आहे. आपल्याकडच्या एप्रिल २०२१च्या राष्ट्रीय उपचार-सूचनेत मध्यम आजाराला सीआरपी आणि डी-डायमर ४८ ते ७२ तासांनी करायला सांगितलं होतं, आयएल-सिक्स प्रकृती ढासळली आणि सोय असली तर. केएल-सिक्सचं नाव नव्हतं, आणि मला ते चुकीचं वाटत नाही. कारण डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा फायदा रिकव्हरी चाचणीत ऑक्सिजन लागणाऱ्यांनाच झाला होता. ते द्यायचं की नाही, हा निर्णय बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर व्हायला हवा होता. पण ९८ ऑक्सिजन असलेल्यालाही नुसता सीआरपी बघून स्टेरॉइड सुरू केल्याच्या चिठ्ठ्या त्या उन्हाळ्यात कमी नव्हत्या.