निर्मलचे पोलाद : मोजक्यांना ठाऊक असलेली कीर्ती

निर्मल हे नाव उच्चारताच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हलक्या लाकडाची रंगीत खेळणी आणि सोनेरी छटांची चित्रे उभी राहतात. नकाश कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या मिळवलेली ही कीर्ती सार्थच आहे. परंतु या गावाला दुसरीही एक कीर्ती लाभली आहे. धातुशास्त्राच्या इतिहासाचे अभ्यासक आणि जुन्या शस्त्रांचे पारखी यांच्या वर्तुळात निर्मलचे नाव पोलादासाठी घेतले जाते. त्या वर्तुळाबाहेर, खुद्द निर्मलच्या रस्त्यांवरही, ही गोष्ट ठाऊक असणारे विरळाच. आजच्या विवेचनाचा विषय ही संकुचित वर्तुळातील प्रसिद्धीच होय.

निर्मलच्या पूर्वेस दिमदुर्तीच्या बाजूला चुंबकीय लोहखनिज सापडते. गोदावरी ओलांडून दक्षिणेस, निर्मलपासून सुमारे ४० किलोमीटरांवर, कोनासमुद्रम हे गाव आहे. तेथे मुशीत पोलाद तयार होत असे. दोन निरनिराळ्या ठिकाणच्या खनिजांपासून मिळवलेल्या लोखंडाचे तुकडे मातीच्या मुशीत घालून तोंड लिंपून टाकीत. भात्यांनी फुललेल्या भट्टीत ती मूस सुमारे २४ तास ठेवीत आणि मग सावकाश निवू देत. आत दीड पौंडाच्या सुमाराची वडी मिळे. ती अतिशय कठीण असल्याने मातीचा लेप देऊन पुनःपुन्हा तापवून तिला घडाईयोग्य करावे लागे. भारतीय पोलादात साधारणतः एक ते दोन टक्के कार्बन आढळतो. एवढा कार्बन असूनही कुशल हातांनी घडवलेले पाते ठिसूळ होत नसे आणि त्यावर लाटांसारखी नक्षी उमटे. तलवारीचे ‘पाणी’ हा आपल्या भाषेतील शब्द अशाच पात्यांच्या संदर्भात डोळ्यांपुढे आणावा.

या क्रियेचे वर्णन हेन्री वेस्ली व्हॉयसी यांनी केले. त्रिकोणमितीय सर्वेक्षणात १८१८ पासून शल्यवैद्य व भूगर्भवेत्ते म्हणून ते काम करीत होते. १८२४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि हे टिपण १८३२ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाले. पोलाद खरेदी करण्यासाठी इराणहून व्यापारी कोनासमुद्रमला येऊन राहत, हेही त्यात नमूद आहे. भूगर्भशास्त्राबाहेर व्हॉयसींचे नाव आज कोण घेतो? एका अल्पपरिचित गावाची ओळख एका अल्पपरिचित विद्वानामुळे टिकली, असा हा योग आहे.

पोलादाची ख्याती मात्र दूरवर गेली, ती दुसऱ्यांच्या नावाने. पश्चिम आशियात घडलेली पाती युरोपात दमास्कसच्या नावाने ओळखली गेली. १७९५ मध्ये जॉर्ज पियर्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ‘वूट्झ’चे परीक्षण मांडले, तेव्हा शीर्षकात ते मुंबईत तयार होणारे पोलाद ठरले, कारण नमुने मुंबईहून गेले होते. लोहाराचे पुत्र असलेल्या मायकेल फॅरडे यांनी १८१९ मध्ये त्याचे पृथक्करण केले. असे पोलाद म्हैसूर, सेलम आणि श्रीलंकेतही होत असे, हे खरे. तथापि माल जेथून निघाला ते गाव मागे राहावे आणि जेथे विकला गेला त्या पेठेचे नाव व्हावे, हा व्यापाराचा जुना रिवाज येथेही दिसतो.

मुशी भरणाऱ्या कारागिरांची नावे तर या शास्त्रीय लेखांतही नाहीत. त्यांचे ज्ञान हातात आणि नजरेत होते. कागदावर नव्हते. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांतील स्वस्त पोलाद आले, तलवारींची मागणी आटली आणि भट्ट्या विझल्या. ज्यांना विद्या येत होती असे थोडे लोक गेले आणि त्यांच्याबरोबर विद्याही गेली. मोजक्यांपुरत्या कीर्तीचा हा खरा धोका आहे.

तिचे मोलही तितकेच खरे. १९९० मध्ये थेल्मा लोव यांनी दख्खनच्या मुशींच्या अवशेषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मातीत मिसळलेल्या भाताच्या तुसामुळे ती मूस प्रचंड उष्णता सहन करी, असे त्यातून दिसले. आपण वाऱ्यावर उधळतो ते तूस त्या लोहारांनी शास्त्राच्या कामी लावले होते! २०१० मध्ये बंगळूरची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था आणि इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठ यांच्या अभ्यासकांनी उत्तर तेलंगणात लोहनिर्मितीच्या स्थळांची पाहणी केली. थोड्यांनीच जपली, परंतु जपली, म्हणून आज आपण या विषयावर बोलू शकतो.

नांगराखाली येणारी काळी लोहकीट आणि काचेसारखी झालेली मुशीची खापरे अनेकांना निरुपयोगी वाटतात. शेत सपाट करताना ती फेकली की एकेका भट्टीचा एकमेव दाखला नाहीसा होतो. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांची शेते या पट्ट्यात असतील. असे खापर मिळाल्यास जागा टिपून ठेवावी आणि शाळेला कळवावे. तज्ज्ञांच्या ग्रंथात निर्मलचे नाव आहेच. ते गावच्या मुलांच्या तोंडी यावे, एवढे काम शाळेने हाती घ्यावयास हरकत नाही.