पोर्क टेंडरलॉइन

डुकराच्या कमरेच्या भागात, पाठीच्या कण्याला आतल्या बाजूने लागून असणाऱ्या लांबट स्नायूचे मांस. एका जनावरात असे दोन स्नायू असतात. चालण्या-उभे राहण्याचा भार त्यांच्यावर फारसा पडत नाही, म्हणून हे मांस डुकराच्या इतर सर्व भागांपेक्षा मऊ असते. एका तुकड्याचे वजन साधारणतः 450 ते 700 ग्रॅम भरते. अर्ध्या-पाऊण तासात तीन-चार जणांचे जेवण होत असल्याने अमेरिकेत रोजच्या रात्रीच्या स्वयंपाकात तो नेहमी वापरला जातो. पाठीवरचा रुंद ‘लॉइन’ हा वेगळा भाग असून त्याला शिजायला जास्त वेळ लागतो.

कृती : मांसावरचा चंदेरी पापुद्रा शिजूनही चिवट राहतो व आक्रसून तुकडा वाकडा करतो, म्हणून तो सुरीने आधीच सोलून काढतात. निमुळते टोक दुमडून दोऱ्याने बांधतात, म्हणजे ते आधी शिजून कोरडे पडत नाही. मीठ-मिरी लावून तुकडा तापल्या तव्यावर सर्व बाजूंनी तांबूस परततात आणि सुमारे 200° से. तापलेल्या ओव्हनमध्ये 12 ते 15 मिनिटे ठेवतात. बाहेर काढल्यावर 5 ते 10 मिनिटे मुरू देऊन धाग्यांना आडवे काप करतात. ओव्हन नसल्यास सुमारे 2.5 सेंमी. जाडीच्या चकत्या तव्यावरच भाजतात. तव्याला चिकटलेला खरपूस अंश सफरचंदाच्या रसात किंवा स्टॉकमध्ये सोडवून, त्यात मोहरीची पेस्ट घालून सॉस करतात. जपानमध्ये हे मांस ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळतात. त्या पदार्थास हिरेकात्सु म्हणतात.

तापमान : ट्रायकिनेला या परजीवी कृमीच्या भीतीने पूर्वी डुकराचे मांस फार शिजवले जाई. अमेरिकेच्या कृषी विभागाने 2011 मध्ये अखंड तुकड्यांसाठीची मर्यादा 71° से. वरून 63° से. वर आणली व त्यानंतर 3 मिनिटे थांबण्यास सांगितले. या तापमानाला मध्यभाग फिकट गुलाबी दिसतो. खिम्यासाठी मात्र 71° से. हीच मर्यादा कायम आहे. रंगावरून अंदाज चुकतो. त्यामुळे सर्वांत जाड भागात थर्मामीटर खुपसून तापमान पाहतात.

चरबी अत्यल्प असल्याने हे मांस जास्त वेळ शिजवल्यास कोरडे व भुसभुशीत होते. म्हणूनच गोव्याच्या सोर्पोतेल, विंदालू यांसारख्या सावकाश शिजणाऱ्या पदार्थांना ते मानवत नाही; त्यांना चरबीचे मांसच लागते.