डाळिंबातून बाहेर पडणारे फुलपाखरू

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव, सटाणा, देवळा या डाळिंबाच्या पट्ट्यात फळ पोखरणारी ‘सुरसा’ अळी बागाईतदारांच्या चांगल्याच परिचयाची आहे. ज्या फुलपाखराची ती अळी, ते मात्र बागेतून उडत गेले तरी सहसा कोणी ओळखत नाही. ड्यूडोरिक्स आयसोक्रेट्स हे त्याचे शास्त्रीय नाव. फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने १७९३ मध्ये त्याचे वर्णन केले. लायसिनिडी कुळातील हे फुलपाखरू मागच्या पंखांवरील केसासारख्या बारीक शेपट्यांमुळे लक्षात येते.

पंखांचा विस्तार सुमारे चार सेंटिमीटर. नराच्या पंखांना वरून जांभळट निळी झाक असते. मादी तपकिरी असून तिच्या पुढच्या पंखावर नारिंगी डाग असतो. मिटलेल्या पंखांची खालची बाजू करडी, त्यावर गडद पट्टे आणि शेपटीपाशी नारिंगी किनारीचा काळा ठिपका. बसल्यावर मागचे पंख घासले की शेपट्या मिशांप्रमाणे हलतात आणि तेथेच डोके असल्याचा भास होतो. पक्षी त्या बाजूने चोच मारतो व पंखाचा तुकडा देऊन फुलपाखरू निसटते. त्यामुळे शेपटी नाही म्हणून जात निराळी, असे ठरवू नये.

नर उन्हात ठराविक जागा राखतो. उड्डाण वेगवान असते. मादी फुलांवर व कोवळ्या फळांवर एकेक अंडे घालते. अळी साल भेदून आत शिरते, दाणे खाते आणि शरीराच्या मागच्या टोकाने छिद्र बुजवून ठेवते. बाहेर आलेली विष्ठा हीच तिची खूण. पुढे छिद्रातून बुरशी व जिवाणू शिरतात, फळ सडून दुर्गंधी सुटते. फळ गळू नये म्हणून अळी देठ फांदीला रेशमी धाग्यांनी बांधते, ही तिची करामत खरोखर थक्क करणारी आहे. कोषही बहुधा फळातच होतो.

अळी एकदा आत शिरली की फवारणीचा फारसा उपयोग नाही. वर्षात एकमेकींत मिसळलेल्या साधारण चार पिढ्या होतात. पेरू, चिंच व रानातील गेळा यांच्या फळांवरही ती वाढत असल्याने बहार संपला तरी कीड संपत नाही. छिद्र पडलेली व गळालेली फळे वेचून नष्ट करणे आणि कोवळ्या फळांना पिशव्या बांधणे, हे उपाय म्हणूनच महत्त्वाचे. रात्री येणाऱ्या रसशोषक पतंगांसाठी लावलेला प्रकाश सापळा येथे निरुपयोगी, कारण हे फुलपाखरू दिवसा उडते.