संगीतनगरीतला महामार्ग

मेम्फिसहून निघालेली आमची आर.व्ही. इंटरस्टेट ४० वरून नॅशव्हिलच्या हद्दीत शिरली तेव्हा दुपार कलू लागली होती आणि आमचे अडीच वर्षांचे चिरंजीव नुकतेच झोपी गेले होते. ते झोपलेले असताना गाडी थांबवायची नाही, हा आमच्या या चाकांवरच्या घरातला पहिला नियम. त्यामुळे जेफर्सन स्ट्रीटकडे वळणारा फाटा दिसूनही आम्ही वळलो नाही. एखाद्या मिनिटात तो भाग मागे पडला. ज्या वस्तीविषयी वाचून आम्ही या शहराची वाट धरली होती, ती वस्ती आम्ही अशी पापणी लवण्याच्या आत ओलांडली. ती ओलांडता यावी म्हणूनच हा रस्ता बांधला गेला, हे तेव्हाही आम्हांस ठाऊक होते. पण मूल जागे होईल या भीतीपुढे इतिहासाचे काही चालत नाही.

नॅशव्हिलला ‘म्युझिक सिटी’ म्हणतात. हे नाव डेव्हिड कॉब या रेडिओ-निवेदकाने १९५० साली प्रथम उच्चारले, असे नोंदी सांगतात. लोकांना मात्र दुसरी कथा प्रिय आहे. फिस्क विद्यापीठाच्या गायकांना ऐकून राणी व्हिक्टोरिया म्हणाली, तुम्ही नक्कीच एखाद्या संगीतनगरीतून आला असाल! कथेला पुरावा नाही. तरीही शहराच्या नावाचे श्रेय कोणाला जावे याबद्दल लोकमानसाचा कौल तीत उमटला आहे, म्हणून ती आम्हांस खोटी म्हणवत नाही.

दुसऱ्या दिवशी आर.व्ही. शहराबाहेरच्या तळावर ठेवून, बाबागाडी घेऊन आम्ही फिस्कच्या आवारात गेलो. यादवी युद्ध संपल्यावर, १८६६ साली, लष्करी रुग्णालयाच्या जुन्या बराकींत ही शाळा सुरू झाली. काल-परवापर्यंत ज्यांना अक्षर शिकवणे हा दक्षिणेत गुन्हा होता, त्यांची ही शाळा. पाच वर्षांत ती कर्जबाजारी झाली. तेव्हा खजिनदार जॉर्ज व्हाइट यांनी नऊ विद्यार्थ्यांचे गायकवृंद उभे केले आणि ६ ऑक्टोबर १८७१ रोजी ते पैसे गोळा करण्यासाठी उत्तरेकडे निघाले. यांतले बहुतेक जण गुलामीत जन्मलेले. सुरुवातीला ते त्या काळची लोकप्रिय गीतेच गात. गुलामगिरीत आईबापांनी गायलेली भक्तिगीते चारचौघांत म्हणण्यास त्यांचे मन घेत नसे. ती त्यांच्या लेखी एकांतात जपण्याची, दुखऱ्या आठवणींची ठेव होती. पुढे तीच गाणी मंचावर आली आणि तिजोरी भरू लागली. १८७३ साली ती राणीने ऐकली. त्या कमाईतून उभा राहिलेला ‘ज्युबिली हॉल’ १८७६ पासून आजतागायत उभा आहे. त्याच्या पायऱ्यांवर आमच्या चिरंजीवांनी चढण्या-उतरण्याचा कार्यक्रम अर्धा तास केला. आम्ही तोवर त्या विटांकडे पाहत राहिलो. गाण्याने बांधलेल्या इमारती जगात फार नसाव्यात.

येथे मराठी वाचकास १८७३ हे साल खटकल्यावाचून राहणार नाही. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. फिस्कच्या गायकांचे नाव जोतीरावांच्या कानी गेले होते, असे आम्ही सुचवीत नाही. पण ज्या मुक्तीला पुण्याहून अर्पणपत्रिका लिहिली जात होती, तिची पहिली पिढी त्याच वर्षी इंग्लंडभर गात हिंडत होती आणि शाळेसाठी पैसा गोळा करीत होती. शाळेचे मोल जोतीरावांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मग रायमन सभागृह. टॉमस रायमन या आगबोटींच्या मालकाने एका धर्मोपदेशकाच्या प्रभावाने ते बांधविले. १८९२ साली ते प्रार्थनामंदिर म्हणून उघडले. आतला सज्जा मात्र १८९७ चा. तो गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यासाठी घातलेला. १९४३ ते १९७४ ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कंट्री संगीताचा रेडिओ-कार्यक्रम येथून होत असे. लाकडी बाकांवर चिरंजीव दहा मिनिटे टिकले, म्हणून आमचे रायमनदर्शन तेवढेच.

ऑप्रीच्या नावाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १९२७ साली रेडिओवर आधी पाश्चात्त्य अभिजात संगीत झाले. त्यानंतर डीफोर्ड बेली नावाच्या कृष्णवर्णीय वादकाने माउथ ऑर्गनवर धावत्या आगगाडीचा हुबेहूब आवाज काढला. त्या वादनानंतर निवेदक जॉर्ज हे यांनी ‘ग्रँड ऑपेरा’वर कोटी करून ‘ग्रँड ओल ऑप्री’ असे म्हटले आणि तेच नाव पडले. बेली गुलामाचा नातू. तीन वर्षांचा असताना पोलिओने अंथरुणाला खिळला आणि तेथेच वाजवायला शिकला. ऑप्रीचा तो आरंभीच्या काळातला लाडका कलावंत. पण १९४१ साली, गाण्यांच्या हक्कांच्या वादाच्या सुमारास, त्याला काढून टाकण्यात आले. पुढे त्याने याच शहरात बूटपॉलिशचे दुकान चालवले. १९८२ साली तो वारला. कंट्री संगीताच्या सन्मानदालनात त्याला स्थान मिळाले ते २००५ साली. आम्ही ब्रॉडवेवरून एक स्वस्तातला माउथ ऑर्गन घेतला. त्याचा पश्चात्ताप आम्हांस त्याच रात्री झाला.

जेफर्सन स्ट्रीटवर तिसऱ्या दिवशी गेलो, या वेळी पायी. विसाव्या शतकाच्या मध्यावर येथे रात्ररात्र गाणे चाले. जिमी हेंड्रिक्स १९६२ साली सैन्यातून सुटल्यावर येथल्या ‘डेल मोरोक्को’ क्लबात आपल्या वाद्यवृंदासह वाजवीत असे. आज तो क्लब नाही. महामार्गासाठी आधी दुसरा, रेल्वेलगतचा मार्ग विचारात होता. तो सोडून रेघ या वस्तीतून ओढली गेली. १९५७ च्या मे महिन्यात जाहीर सुनावणी झाली, पण सूचनापत्रांवर तारीखच चुकीची होती. ज्यांची घरे जायची त्यांना बराच काळ काही कळले नाही. १९६७ साली रहिवासी व प्राध्यापकांनी समिती स्थापून न्यायालयात धाव घेतली. सुनावणीतील उणिवा न्यायाधीशांच्या ध्यानात आल्या, पण जाणूनबुजून भेदभाव केल्याचे सिद्ध होत नाही, असे म्हणून त्यांनी मनाई नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली प्रकरण हाती घेतले नाही. सहाशेहून अधिक घरे पडली, चर्च पडली, कित्येक गल्ल्या मध्येच तुटल्या. गाणाऱ्यांनी जायचे कोठे, हा प्रश्न त्या कज्ज्यात कोणी विचारला असेल असे वाटत नाही. क्लब म्हणजे केवळ एक दुकान, आणि दुकानाची किंमत जमिनीवरून ठरते.

‘क्लब बॅरन’ची इमारत तेवढी वाचली आहे. तिच्यासमोर आम्ही बाबागाडी थांबवली. चिरंजीवांनी माउथ ऑर्गन तोंडाला लावून एकच स्वर लांबवला. मागून ट्रकांची अखंड घरघर येत होती. महामार्ग तेथून हाकेच्या अंतरावर आहे. समोरच्या ओट्यावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी टोपी किंचित वर केली आणि विचारले, ‘‘कोठून आलात?’’ आम्ही म्हटले, ‘‘मेम्फिसहून, या रस्त्याने.’’ ते महामार्गाच्या दिशेने पाहून हसले आणि म्हणाले, ‘‘मग तुम्ही एकदा आमच्यातून जाऊन आलातच.’’

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. बाळ झोपले होते.