ओपन स्पेस टेक्नॉलॉजी

मेळावे, परिषदा आणि बैठका भरवण्याची एक पद्धत. अमेरिकी सल्लागार हॅरिसन ओवेन (1935–2024) यांनी ती 1985 मध्ये रूढ केली. ठरलेले वक्ते नाहीत, बीजभाषण नाही, छापील कार्यक्रमपत्रिकाही नाही. मुख्य विषय, जागा आणि सुरुवात-शेवटाची वेळ एवढेच आधी ठरते. बाकी कार्यक्रम जमलेली माणसे तिथेच, पहिल्या तास-दीड तासात बांधतात. साहित्य म्हणून खुर्च्या, कोरे कागद, मार्कर, चिकटपट्टी आणि एक मोकळी भिंत पुरते.

पद्धतीचा जन्म वैतागातून झाला. 1983 मध्ये ओवेन यांनी संस्था-परिवर्तनावर सुमारे 250 जणांची आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. तयारीत वर्ष गेले. परिषद संपल्यावर सहभागी आणि खुद्द आयोजक यांचे एका गोष्टीवर एकमत झाले : सगळ्यात उपयोगाच्या ठरल्या त्या चहा-कॉफीच्या सुट्ट्या. म्हणजे आयोजकाने ज्यावर कष्ट घेतले नव्हते तोच भाग. कॉफीच्या सुट्टीतला जिवंतपणा आणि चांगल्या परिषदेतले ठोस काम एकत्र आणता येईल का, असा प्रश्न त्यांना पडला. उत्तर दोन मार्टिनी पिताना सुचले, असे ते मिश्कीलपणे सांगत. मात्र एक जुनी आठवणही मदतीला होती. छायापत्रकार म्हणून ते पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात बालामा या गावी राहिले होते. तिथला मुलांचा दीक्षाविधी चार दिवस चाले, सारा गाव त्यात असे, आणि नियोजन समिती म्हणून काही दिसत नसे. सगळे घडे ते गावाच्या मधल्या गोल मोकळ्या जागेत. वर्तुळ तिथून आले. त्याला मुद्दे मांडायला सूचनाफलक आणि त्यांतून निवडायला बाजार यांची जोड मिळाली. 1985 मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे याच परिषदमालेच्या तिसऱ्या बैठकीत 85 जण वर्तुळात बसले आणि अनेक दिवसांचा कार्यक्रम त्यांनी दोन तासांत उभा केला.

कार्यपद्धती अशी. सर्वजण वर्तुळात बसतात. माणसे फार असतील तर एकात एक वर्तुळे करतात. सूत्रधार विषय सांगून बाजूला होतो. ज्याला एखादा मुद्दा खरोखर अस्वस्थ करतो, तो उठून मधे येतो, मुद्दा कागदावर लिहितो, त्याखाली आपले नाव घालतो, तो मोठ्याने वाचतो आणि वेळ-जागा ठरवून कागद भिंतीला लावतो. मग बाकीचे भिंतीपाशी गर्दी करून कुठे बसायचे ते ठरवतात. कोणी दोन मुद्दे एकत्र करू पाहतो, कोणी वेळ बदलून मागतो. हा गोंगाट म्हणजेच नियोजन. प्रत्येक गट आपले इतिवृत्त लिहितो आणि शेवटी सारे पुन्हा वर्तुळात येतात.

मूळ तत्त्वे चार आहेत : जे आले तेच योग्य; जे घडले तेच घडू शकत होते; जेव्हा सुरू होईल तीच वेळ; संपले की संपले. यांच्या जोडीला ‘दोन पायांचा नियम’ येतो. जिथे आपण शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून उठून दुसरीकडे जावे. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांचा विचार करून अनेक सूत्रधार आता त्याला वावराचा नियम म्हणतात. या नियमाने दोन प्रकारची माणसे तयार होतात, असे ओवेन सांगत : गटागटांतून कल्पना वाहून नेणारे भुंगे, आणि कुठल्याच गटात न बसता बाहेर रेंगाळणारी फुलपाखरे. नव्या गप्पा पुष्कळदा फुलपाखरांपाशीच सुरू होतात.

संस्थाविकासाच्या क्षेत्रात असे नियंत्रण सोडणे अगदीच नवे नव्हते. 1946 मध्ये कनेक्टिकटमधील न्यू ब्रिटन येथे मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या कार्यशाळेत संशोधक रात्री सहभागींच्या वागण्यावर चर्चा करत. काही सहभागींनी तिथे बसू देण्याची विनंती केली, आणि आपल्याविषयीची निरीक्षणे त्यांना पटेनात म्हणून वाद झाला. त्या वादातून शिकणे अधिक झाले, हे लेविन यांनी ओळखले. पुढच्याच वर्षी मेन राज्यातील बेथेल येथे सुरू झालेल्या मानवी संबंधांच्या प्रशिक्षणाच्या ‘प्रयोगशाळां’चा पाया तोच. भारतात उदय पारीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही परंपरा रुजवली.

ओपन स्पेसच्या इतिहासात गोव्याचे स्थान अचानक येते. चार वर्षे ही पद्धत संस्था-परिवर्तनाच्या त्या एका वार्षिक परिषदेपुरतीच होती. एप्रिल 1989 मध्ये एकाच आठवड्यात ती दोनदा बाहेर पडली : आधी अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी डेक्रॉन या कृत्रिम धाग्याच्या भवितव्यासाठी वापरली, आणि नंतर गोव्यात भारतीय अधिकारी व पाश्चात्त्य अभ्यासक-सल्लागार संस्थांमधील शिक्षण या विषयावर जमले तेव्हा. ओवेन यांचे आवडते उदाहरण मात्र 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमधील एटी अँड टी या दूरसंचार कंपनीच्या दालनाचे. दिवसाला 5 हजार पाहुणे धरून दहा महिने खपून केलेला आराखडा, जागा बदलून पाहुण्यांचा अंदाज 75 हजारांवर गेल्याने निकामी झाला. 23 जणांनी या पद्धतीने नवा आराखडा दोन दिवसांत केला. 2005 मध्ये पालो आल्टोत सुरू झालेल्या आणि पुण्यातही भरलेल्या तंत्रज्ञांच्या ‘बारकॅम्प’ मेळाव्यांची ठेवणही याच जातीची.

मर्यादाही ओवेन यांनीच सांगितल्या. प्रश्न गुंतागुंतीचा, माणसे भिन्न विचारांची, मतभेद धगधगते आणि निर्णय कालच व्हायला हवा होता अशी निकड, अशा वेळी ही पद्धत फळते. वरिष्ठांना उत्तर आधीच ठाऊक असेल तर ती वापरू नये. आपल्या कार्यालयांत खरी अडचण इथेच येते. साहेब ज्या गटात बसले आहेत तिथून कनिष्ठ कर्मचारी नियमाने उठू शकतो, व्यवहारात तो उठत नाही. नियम भिंतीवर लावून हा प्रश्न सुटत नाही. मेळाव्याआधी साहेबांशी बोलावे लागते, आणि ते बोलणे म्हणजे सूत्रधाराचे निम्मे काम. दुसरा आक्षेप पाठपुराव्याचा : उत्साहाने लिहिलेली इतिवृत्ते सोमवारी कपाटात जातात. त्यासाठी शेवटच्या दिवशी कृतीचे मुद्दे निवडून त्यांना नावे व तारखा जोडण्याची पद्धत पडली आहे.

ओवेन यांनी या पद्धतीवर स्वामित्वहक्क सांगितला नाही, व्यापारचिन्ह घेतले नाही, परवाना किंवा प्रमाणपत्र ठेवले नाही. वापरण्यासाठी कोणाला काही द्यावे लागत नाही.