अड्ड्यावांचून जुगार

गुलमंडीचा चौक मी गेलीं चाळीस वर्षें पाहत आलों आहें. सायंकाळीं दुकानांच्या फळ्यांवर बसणारी तरुण मंडळी पूर्वीं वर्तमानपत्र वाचीत, राजकारणावर वाद घालीत. आतां प्रत्येकाची मान हातांतील मोबाइलवर वांकलेली असते. त्यांत विशेष गैर आहे असें मला वाटत नव्हतें. परंतु मागील वर्षीं माझ्या वर्गांतील एक विद्यार्थी एकाएकीं यावयाचा थांबला. चौकशी करतां कळलें कीं, परीक्षेच्या फीसाठीं बापानें दिलेले पैसे त्यानें याच चौकांत बसून, कोणा परदेशस्थ कंपनीच्या पत्त्यांच्या डावावर घालविले होते. तो कोणत्याही अड्ड्यांत गेला नव्हता. ज्याच्याशीं हरला त्याचें तोंडही त्यानें पाहिलें नव्हतें. बाप मला म्हणाला, "सर, तक्रार करायची तर कोणाच्या नांवानें?" मजजवळ उत्तर नव्हतें. तें शोधतांना इतिहासाचीं जीं पानें चाळलीं, त्यांचा हा थोडक्यांत वृत्तांत.

आपल्याकडील राजनीतीनें जुगाराचा विचार प्रथमपासून स्थळाच्या अनुरोधानें केला आहे. मनूनें राजास द्यूत व समाह्वय हीं दोन्ही राज्यांतून नाहींशीं करण्यास सांगितलें. कौटिल्यानें उलट द्यूताध्यक्ष नेमून खेळ एका जागीं आणावा, अन्यत्र खेळणारास १२ पण दंड करावा व जिंकलेल्या रकमेंतून शेंकडा ५ राजभाग घ्यावा, असें ठरविलें. एक पक्ष बंदीचा, दुसरा कराचा. हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. तथापि जुगाराला जागा लागते, आणि ती जागा राजाच्या हद्दींत असते, हें दोन्ही पक्षांनीं गृहीत धरलें होतें.

गेल्या शतकापूर्वींचे कायदेही याच पायावर उभारले गेले. मुंबई इलाख्याचा १८८७ चा जुगारप्रतिबंधक कायदा घ्या, किंवा आमच्या निजामी मुलुखांतील १३०५ फसलीचा, म्हणजे इ. स. १८९५-९६ चा, हैदराबादचा कायदा घ्या. दोहोंचा गाभा एकच. जुगारघर चालविणारा, तेथें छाप्यांत सांपडणारा आणि तेथें मिळणारीं साधनें, एवढ्यावर त्यांची दृष्टि. आमच्या शहराहून अहमदनगरकडे, आतांच्या अहिल्यानगरकडे, जातांना कायगांवापाशीं गोदावरी लागते. १९४८ पर्यंत अलीकडचा तीर निजामाचा आणि पलीकडचें टोकें मुंबई इलाख्याचें. दोन तीरांवर दोन कायदे, दोन पोलीस आणि रुपयेही दोन. इकडे हाली, तिकडे कलदार. जुगारी नदी उतरून गेला म्हणजे तो त्या तीराचा अपराधी होई. सीमेचा प्रश्न फारसा अवघड नव्हता, कारण माणसाला जुगाराकडे चालत जावें लागे.

तारायंत्रानें हा क्रम उलटविला. न्यूयॉर्कच्या कापूस-बाजाराचे उघडते व मिटते भाव तारेनें मुंबईस येत, आणि त्या भावांतील आंकड्यांवर गिरणगांवांतला मजूर पैसा लावी. १९६१ च्या सुमारास हे भाव येणें बंद झालें. परंतु त्यामुळें जुगार बंद झाला नाहीं. १९६२ त कल्याणजी भगत यांनीं व १९६४ त रतन खत्री यांनीं आंकडा येथेंच काढण्याची सोय केली, आणि 'मटका' हा शब्द खेडोपाडीं पोंचला. परदेशांतील उगम आटला तरी घरची तहान शिल्लक राहते, हा धडा त्या वेळींच मिळाला होता.

सीमेपलीकडील जुगाराशीं कायद्याची सरळ गांठ पडली ती शब्दकोड्यांच्या प्रकरणांत. मुंबई सरकारनें १९४८ त लॉटऱ्या व बक्षीस-स्पर्धा यांवर नियंत्रण ठेवणारा व कर बसविणारा कायदा केला. मात्र प्रांताबाहेर छापल्या जाणाऱ्या पत्रांतील स्पर्धा त्यांतून वगळल्या. फट मोठी होती. चमारबागवाला यांची कंपनी म्हैसूर राज्यांतील बंगळूरहून निघणाऱ्या साप्ताहिकांतून शब्दकोड्यांच्या स्पर्धा चालवी, आणि मुंबई राज्यांतील लोक प्रवेश-फी भरून त्यांत उतरत. १९५२ त दुरुस्तीनें ती सवलत काढून घेण्यांत आली, तेव्हां चालक न्यायालयांत गेले. दुसऱ्या राज्यांत निघणाऱ्या पत्रावर मुंबईची सत्ता कशी चालावी, हा त्यांचा एक मुख्य आक्षेप. उच्च न्यायालयांत सरकार हरलें. ९ एप्रिल १९५७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला. मराठवाडा मुंबई राज्यांत येऊन तेव्हां पांचच महिने झाले होते.

सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या निकालपत्रानें दोन गोष्टी ठरविल्या. पहिली ही कीं, जुगार हा व्यापारच नव्हे. म्हणून व्यापाराच्या स्वातंत्र्याचें कवच त्यास मिळत नाहीं. त्यासाठीं त्यांनीं ऋग्वेदांतील द्यूतकाराच्या सूक्तापर्यंत मागें जाऊन पाहिलें. दुसरी गोष्ट आमच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची आहे. पत्र कोठेंही छापलें जावो. निमंत्रण मुंबई राज्यांत पोंचतें, अर्ज तेथें भरला जातो, पैसा तेथें दिला जातो, एवढा संबंध कायद्याच्या अधिकारास पुरेसा आहे. कायद्यानें येथें प्रथमच चालविणाराच्या घराऐवजीं हरणाराच्या घराकडे पाहिलें, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

परंतु अधिकार असणें आणि हात पोंचणें या भिन्न गोष्टी आहेत. बंगळूर त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या छत्राखालीं होतें. क्युरसाओ बेटावर परवाना घेतलेली कंपनी नाहीं. शिवाय १९६८ त, आमच्याच १३०५ फसलीच्या कायद्याखालील खटल्यांत, रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला, आणि पुढें ऑनलाइन धंद्यानें त्याची ढाल केली. २२ ऑगस्ट २०२५ रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळालेल्या केंद्रीय कायद्यानें ती ढाल बाजूस सारली; पैशाचा खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, तो निषिद्ध मानला, आणि परदेशांतून चालविला तरीही. त्याहून मार्मिक तरतूद अशी कीं, बँकांनीं अशा खेळाचा पैसा वाहूं नये. कंपनी हातीं लागत नसली तरी तिच्याकडे जाणारा पैसा आमच्याच बँकेतून निघतो. खेळणारासही तो कायदा शिक्षा सांगत नाहीं. जुने कायदे त्यालाच प्रथम पकडीत.

बंदीनें खेळणारा चोरवाटेस लागतो, त्यापेक्षां परवाना देऊन देखरेख ठेवावी, असें म्हणणारा कौटिल्याचा पक्ष आजही आहे, आणि त्याचें म्हणणें हंसण्यावारी नेण्याजोगें नाहीं. मात्र दोन्ही पक्षांचे हात स्वच्छ असावे लागतात. अँटिग्वा या चिमुकल्या बेटानें २००३ त अमेरिकेस जागतिक व्यापार संघटनेपुढें ओढलें. सार्वजनिक नीतीच्या रक्षणासाठीं असे निर्बंध घालतां येतात हें २००५ त मान्य झालें; पण घोड्यांच्या शर्यतींवरील दूरस्थ पैजांच्या बाबतींत घरच्यांस एक न्याय व परक्यांस दुसरा, अशी शंका अमेरिकेस दूर करतां आली नाहीं. आपलीही गोष्ट वेगळी नाहीं. महाराष्ट्रानें १२ एप्रिल १९६९ रोजीं स्वतःची लॉटरी काढली. कॅसिनोंचा १९७६ चा कायदा अंमलांत न आणतां २०२३ पर्यंत तसाच ठेवला. आणि शेजारीं मांडवींत कॅसिनोच्या नौका उभ्या आहेत. तरुणाला उपदेश करतांना हा इतिहास आडवा येतो.

त्या बापाला मीं अखेर उत्तर दिलें तें असें: तक्रार येथल्याच पोलिसांत व येथल्याच बँकेत करा. कंपनी कोठली, हें तुम्हांस ठाऊक असण्याची गरज नाहीं. निमंत्रण गुलमंडींत आलें, पैसा गुलमंडींतून गेला, एवढें सांगा. पैसे परत मिळाले नाहींत. मुलगा मात्र जूनपासून पुन्हां वर्गांत येऊं लागला आहे.