कॉकपिटचे दार आणि सेविकेचा संकेत

विमानाच्या कॉकपिटचे संरक्षण म्हणजे दाराची बळकटी, असा सर्वसाधारण समज आहे. मुंबईहून निघालेल्या एका विमानाचा इतिहास पाहता हा समज अपुरा ठरतो, असे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

५ सप्टेंबर १९८६ रोजी पॅन अ‍ॅम कंपनीचे ७३ क्रमांकाचे उड्डाण मुंबईहून पहाटे कराचीस पोहोचले. तेथे विमानतळ-रक्षकांच्या वेषातील चार सशस्त्र इसम विमानात शिरले. बोइंग ७४७ जातीच्या विमानात कॉकपिट वरच्या मजल्यावर असते. अपहरणकर्ते तेथवर जाण्यापूर्वीच विमानसेविकांकडून इशारा मिळाला, आणि कॉकपिटमधील तिघे छताच्या झडपेतून बाहेर पडले. विमान चालविणारेच न उरल्याने ते सायप्रसला नेण्याचा बेत फसला.

ह्या यशाचे मोल मात्र प्रवासी-कक्षास द्यावे लागले. सुमारे सोळा तासांनी दिवे विझताच गोळीबार झाला व किमान वीस जण मृत्युमुखी पडले. त्यांत बावीस वर्षांच्या नीरजा भनोत होत्या; त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. वैमानिकांनी प्रवाशांना मागे ठेवून जावे काय, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. त्याचे उत्तर देताना डिसेंबर १९९९ मधील आयसी ८१४ ची घटना विसरता येत नाही. तेथे अपहरणकर्ते कॉकपिटमध्ये शिरले, विमान कंदाहारला गेले आणि अखेर तीन कैद्यांची सुटका करावी लागली.

सप्टेंबर २००१ मधील अमेरिकेतील हल्ल्यांनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने नियम कडक केले. १ नोव्हेंबर २००३ पासून साठांहून अधिक आसनांच्या प्रवासी विमानांत गोळ्यांना व हातबाँबच्या तुकड्यांना दाद न देणारे दार आवश्यक झाले. त्याच नियमावलीत, सेविकांना वैमानिकांस गुप्तपणे सूचना देता यावी, अशीही तरतूद आहे. हे दुसरे कलम फारसे चर्चिले जात नाही. पण कराचीत कॉकपिट वाचले ते नेमके त्याच मार्गाने.

केवळ दारावर विसंबण्यातील धोका २४ मार्च २०१५ रोजी उघड झाला. जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने मुख्य वैमानिकास बाहेर ठेवून दार आतून बंद केले, आणि १५० जण प्राणास मुकले. दार कोणाविरुद्ध बंद आहे, हे दारास कळत नाही. ते माणसासच ओळखावे लागते. म्हणून कॉकपिट-संरक्षणाच्या इतिहासात लोखंडाइतकेच स्थान त्या संकेतास दिले पाहिजे.